नियती, परिस्थिती आणि माणसाचा वाटा

माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की तो ते स्वतः घडवतो, हा प्रश्न बहुधा दोन टोकांचा म्हणून विचारला जातो आणि उत्तर देणाऱ्याने त्यांपैकी एका टोकाला उभे राहावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आपण कोणीच एका टोकाला फार काळ उभे राहत नाही. स्वतःला यश मिळाले की त्याचे श्रेय कष्टांना जाते आणि अपयश आले की ते नशिबाच्या माथी मारले जाते; दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हाच हिशेब उलटा होतो. या गोंधळाचे कारण केवळ माणसाचा आपमतलबीपणा नाही. ‘सगळे ठरलेलेच आहे’ या एका वाक्याच्या पोटात तीन वेगवेगळे दावे दडलेले असतात आणि बोलताना आपण नकळत एकावरून दुसऱ्यावर जातो.

पहिला दावा असा की तुम्ही काहीही करा, शेवट जो व्हायचा तोच होणार. दुसरा दावा असा की जगात जे घडते त्याला आधीची कारणे असतात आणि आपले विचार व निर्णयही त्या कारणांतूनच जन्मतात. तिसरा दावा सर्वांत साधा आहे: जन्म कोठे झाला, शरीर कसे मिळाले, कोणत्या काळात वाढलो, वाटेत कोण भेटले, यांतले फारसे काही आपण निवडलेले नसते. या तिघांपैकी फक्त पहिला दावा प्रयत्नाला निरर्थक ठरवतो. उरलेले दोन्ही मोठ्या प्रमाणात खरे आहेत, परंतु ते खरे असूनही प्रयत्नाचे मोल कमी होत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पहिल्या दाव्याची सर्वांत निर्भीड मांडणी प्राचीन भारतात झाली. बुद्ध आणि महावीर यांचे समकालीन असलेले मक्खली गोशाल हे आजीवक संप्रदायाचे आचार्य होते. त्यांचे विचार आपल्यापर्यंत मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या, म्हणजे बौद्धांच्या आणि जैनांच्या ग्रंथांतून पोहोचले आहेत, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागतात. बौद्ध ग्रंथांतील नोंदीनुसार त्यांचे म्हणणे असे होते की प्राण्यांच्या अधःपतनाला कारण नाही आणि त्यांच्या शुद्धीलाही कारण नाही. बळ, वीर्य आणि पराक्रम यांना काही अर्थ नाही. फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जातो आणि दोरा संपला की थांबतो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही नेमून दिलेले फेरे पुरे करूनच दुःखातून सुटतात. बुद्धांनी या मताला कडाडून विरोध केला, कारण कर्माला फळच नसेल तर सदाचरणाचा पायाच निखळतो. विशेष म्हणजे आजीवक स्वतः अतिशय कठोर तप करीत असत. नियतीवर एवढी निष्ठा असलेल्या माणसांनाही हात बांधून बसता आले नाही, याला मी केवळ विसंगती मानत नाही. माणूस कृतीवाचून राहू शकत नाही, याची ती साक्ष आहे.

ग्रीक विचारवंतांमध्ये हाच दावा एका युक्तिवादाच्या रूपाने प्रसिद्ध होता. आजारातून बरे होणे नशिबात असेल तर वैद्य आला काय आणि न आला काय, माणूस बरा होणारच. नसेल तर वैद्य येऊनही उपयोग नाही. म्हणून वैद्याला बोलावणे व्यर्थ. वरवर पाहता हे बिनतोड वाटते. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील क्रिसिपस या स्टोइक नावाच्या ग्रीक विचारपंथातील तत्त्वज्ञाने त्याला दिलेले उत्तर आजही तितकेच ताजे आहे, आणि ते देणारा स्वतः नियती मानणारा होता म्हणून ते अधिक वजनदार ठरते. त्याचे म्हणणे असे की बरे होणे ठरलेले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्याबरोबरच ठरलेले असते. फळ हवेत सुटे लोंबकळत नसते. ते ज्या वाटेने येते ती वाटही त्याचाच भाग असते. वैद्य येतो म्हणूनच जर रोगी बरा होत असेल, तर ‘काहीही केले तरी’ हे शब्दच चुकीचे ठरतात.

आपल्याकडील कर्मसिद्धांताला अनेकदा दैववाद समजले जाते, पण त्याची मांडणी तशी नाही. पूर्वकर्मांचा साठा म्हणजे संचित, त्यातील फळ द्यायला लागलेला भाग म्हणजे प्रारब्ध आणि आज आपण करीत असलेले कर्म म्हणजे क्रियमाण, असे त्याचे भाग केले जातात आणि यांतले क्रियमाण पूर्णपणे माणसाच्या हाती ठेवलेले असते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध प्रयत्न आणि पाचवे दैव. पुनर्जन्मावर विश्वास असो वा नसो, दैवाला पाचांतील एक जागा देणारी आणि उरलेल्या चार जागा बारकाईने भरणारी ही मांडणी विचार करण्याजोगी आहे.

भविष्य खरोखरच कोठे तरी लिहून ठेवलेले असेल आणि ते वाचता येत असेल, तर त्याची परीक्षाही घेता आली पाहिजे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास तशी परीक्षा घेतली. त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या. त्यांपैकी १०० मुले अभ्यासात हुशार होती आणि १०० मुले बौद्धिक अक्षमता असलेली होती. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून कोणती कुंडली कोणत्या गटातील आहे हे सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर ते ५० टक्क्यांच्या आसपास आले असते.

आता दुसऱ्या दाव्याकडे वळू. १८१४ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लास याने एक कल्पना मांडली: विश्वातील प्रत्येक कणाची या क्षणीची स्थिती आणि त्यावर काम करणारी बले जाणणारी एखादी अफाट बुद्धी असेल, तर तिला भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही स्वच्छ दिसतील. या कल्पनेने अनेकांना धास्तावले, कारण आपला प्रत्येक निर्णयही मग गणिताचे उत्तर ठरतो. परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. ठरलेले असणे आणि आधी सांगता येणे या एकच गोष्टी नव्हेत. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर हवामानाचे एक गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ या संख्येऐवजी छापील कागदावरची ०.५०६ ही संख्या भरली. सूत्रे तीच होती, यंत्रही तेच होते आणि योगायोगाला कोठेही जागा नव्हती. तरीही काही काळाने दोन्ही गणितांतील हवामान एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे झाले. म्हणजे प्रत्येक पायरी नियमाने बांधलेली असूनही पुढचे सांगता येईनासे होते. अणूंच्या पातळीवरील नियम सांगणारी पुंज भौतिकी (क्वांटम फिजिक्स) तर आणखी पुढे जाते: किरणोत्सारी पदार्थातील एखादा अणू नेमका कधी विघटित होईल हे सांगण्याचा कोणताच मार्ग तिच्यात नाही, केवळ शक्यता सांगता येते.

यावरून ‘विश्व ठरलेले नाही, म्हणून आपण स्वतंत्र आहोत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष टिकत नाही. माझा एखादा निर्णय मेंदूतील निव्वळ यादृच्छिक हालचालीने झाला असेल, तर तो माझा तरी कसा म्हणावा? स्वातंत्र्यासाठी कारणांचा अभाव लागत नाही. लागते ते हे, की त्या कारणांमध्ये माझा विचार, माझी मूल्ये आणि समोर आलेल्या पुराव्यावरून मत बदलण्याची माझी क्षमता यांचा समावेश असावा. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ मध्ये याची एक उपयुक्त खूण सांगितली. इच्छा प्राण्यांनाही असतात, परंतु आपल्याला कोणती इच्छा असावी याचीही इच्छा माणूस करू शकतो. दारू सोडू पाहणाऱ्याला दारू हवी असते आणि ती हवीशी वाटू नये असेही वाटत असते. या दुसऱ्या पातळीवरच्या इच्छेप्रमाणे वागता येणे, यालाच आपण व्यवहारात स्वतःचे आयुष्य घडवणे म्हणतो, आणि कारणांच्या जगात ते अशक्य मानण्याचे काही कारण नाही.

मेंदूविज्ञानातील एका प्रयोगाचा दाखला याच्या विरोधात वारंवार दिला जातो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सहभागी झालेल्यांनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे होते आणि हलवण्याची इच्छा कधी जाणवली ते घड्याळासारख्या तबकडीवर फिरणाऱ्या ठिपक्याची जागा पाहून सांगायचे होते. मेंदूतील पूर्वतयारीचा विद्युत संकेत हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेला दिसला, तर इच्छेची जाणीव सुमारे एक पंचमांश सेकंद आधी झालेली निघाली. निर्णय मेंदूने आधीच घेतलेला असतो आणि आपल्याला तो मागाहून कळतो, असा अर्थ अनेकांनी यातून काढला. स्वतः लिबेट यांचे मत एवढे टोकाचे नव्हते. सुरू झालेली कृती रोखण्याची मुभा जाणिवेला असते असे ते मानीत. २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी तर त्या संकेताचाच वेगळा अर्थ लावला: मेंदूत सतत चालणारे बारीक चढउतार एका मर्यादेपर्यंत पोहोचले की हालचाल घडते, आणि हालचालीच्या क्षणापासून मागे जात अशा अनेक नोंदींची सरासरी काढली की पूर्वतयारीसारखा दिसणारा चढ आपोआप तयार होतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट अशी की निर्हेतुक मनगट हलवणे आणि शिक्षण, व्यवसाय किंवा जोडीदार यांच्याबद्दल अनेक महिने विचार करून ठरवणे, यांना एका मापाने मोजता येत नाही.

तिसऱ्या दाव्याचे क्षेत्र सर्वांत मोठे आहे आणि त्यात जनुकांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. लहानपणीच वेगळे झालेल्या जुळ्यांचा अभ्यास थॉमस बुशार्ड यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९७९ मध्ये सुरू केला. १९९० मध्ये त्यांच्या गटाने असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की त्यांनी तपासलेल्या लोकांच्या बुद्ध्यांकातील फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरकांचा संबंध जनुकीय फरकांशी जोडता येतो. या आकड्याइतका चुकीचा वाचला गेलेला आकडा क्वचितच असेल. एका माणसाची ७० टक्के बुद्धी जनुकांनी आणि ३० टक्के परिस्थितीने घडते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो आकडा एका विशिष्ट समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी आहे, आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. उद्या सगळ्या मुलांना अगदी सारखी शाळा, सारखे पोषण आणि सारखे घर मिळाले, तर उरलेले फरक जवळजवळ सगळे जनुकीयच असतील. म्हणजे परिस्थिती सर्वांसाठी चांगली झाल्यावर हा आकडा वाढेल. मोठा आकडा पाहून प्रयत्न व्यर्थ आहेत असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका दुर्मीळ आजाराने दिला. १९३४ मध्ये नॉर्वेतील एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आसब्यॉर्न फोलिंग या वैद्यांकडे गेली. दोन्ही मुले जन्मतः निरोगी दिसली होती, पण त्यांची बौद्धिक वाढ खुंटली होती, आणि त्यांच्या लघवीला एक विचित्र वास येतो ही गोष्ट आईच्या लक्षात आली होती. ती अनेक वैद्यांकडे जाऊन आली होती, परंतु तिच्या निरीक्षणाचा माग कोणी काढला नव्हता. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. अशा चाचणीत सामान्यतः रंग बदलत नाही किंवा लालसर तपकिरी होतो; येथे तो गर्द हिरवा झाला. पुढे चिकाटीने केलेल्या रासायनिक विश्लेषणातून कारण उलगडले: प्रथिनांमधील फिनाइलअ‍ॅलनीन हा घटक या मुलांच्या शरीराला पचवता येत नव्हता आणि तो साठून मेंदूची हानी करीत होता. हा आजार फिनाइलकीटोन्युरिया या नावाने ओळखला जाऊ लागला. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले की तो होतो, म्हणून त्या काळी त्याला जन्माने लादलेली नियती म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९५० च्या दशकात हा घटक अत्यल्प असलेला आहार तयार झाला, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या काही थेंबांवरून आजार ओळखण्याची पद्धत काढली. आज असे बाळ वेळीच ओळखले गेले आणि आहार नीट सांभाळला गेला, तर ते शिकते, नोकरी करते, संसार करते. जनुक तेच आहे. त्याचा परिणाम मात्र ज्ञानामुळे बदलला.

परंतु सर्वच जनुकीय आजारांबाबत असे म्हणता येत नाही, आणि ते म्हणणे रुग्णांवर अन्यायाचे ठरेल. हंटिंग्टन आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्या जनुकात जनुकीय संकेतातील तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या आवृत्त्या ४० किंवा अधिक असतील, तर माणूस सामान्य वयोमर्यादेपर्यंत जगल्यास मेंदूचा हा आजार त्याला होतोच, आणि आजवर तो थांबवणारा उपचार हाती आलेला नाही. येथे इच्छाशक्तीच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे आहे. तरीही येथेसुद्धा सगळे ठरलेले नसते. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि चाचणी उपलब्ध असूनही धोक्याच्या छायेत असलेली बहुसंख्य माणसे ती करून घेत नाहीत. चाचणी करावी का, मूल होऊ द्यावे का, हाती असलेली वर्षे कशी घालवावीत, हे निर्णय त्यांचे त्यांनाच घ्यावे लागतात.

जनुकांप्रमाणेच जन्माची जागा आणि वेळही आपल्या हाती नसते. अर्थतज्ज्ञ ब्रांको मिलानोविच यांच्या हिशेबानुसार जगातील माणसांच्या उत्पन्नांमध्ये जो फरक दिसतो, त्यातील निम्म्याहून अधिक फरक केवळ ते कोणत्या देशात राहतात यावरून समजावता येतो. जन्माचा महिनासुद्धा प्रभाव पाडतो. कॅनडातील आइस हॉकीमध्ये मुलांचे वयोगट १ जानेवारीच्या तारखेवरून ठरतात आणि वरच्या पातळीवरील खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असते, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. जानेवारीतील मूल आपल्या गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, म्हणून ते निवडले जाते. निवडले गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सराव मिळतो. आणि त्या सरावातून ते खरोखरच चांगले खेळू लागते. येथे योगायोग आणि कष्ट वेगळे काढता येत नाहीत. कष्ट खरेच असतात, परंतु ते करण्याची संधी आधीच्या योगायोगाने दिलेली असते.

यश मिळाल्यानंतर मात्र हा योगायोग दिसेनासा होतो आणि ‘हे होणारच होते’ असे वाटू लागते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या भासाची उत्तम तपासणी केली. त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकायला आणि आवडल्यास उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र समूहांत विभागले होते आणि आपल्या समूहात कोणते गाणे किती जणांनी घेतले हे त्यांना दिसत असे. आठही समूहांची सुरुवात शून्यापासून झाली होती आणि गाणीही तीच होती, तरी लोकप्रिय ठरलेली गाणी समूहागणिक वेगळी निघाली. सर्वांत चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. त्यांच्या मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. गुणवत्तेला अर्थ नाही असे या प्रयोगाने सांगितले नाही. गुणवत्ता माणसाला शर्यतीत उभे करते आणि त्यापुढचे बरेचसे सुरुवातीच्या लहानसहान घटनांवर अवलंबून राहते, एवढे त्यातून दिसते. प्रत्येक समूहातील श्रोत्यांना मात्र आपल्याकडचे पहिले गाणे पहिले येण्याच्याच लायकीचे वाटले असते.

आयुष्य घडवणारे हात एकट्या माणसाचे नसतात, ही गोष्ट दोन्ही टोकांच्या वादात सहज हरवते. नियतीच्या विरोधात नेहमी एकट्या माणसाची जिद्द उभी केली जाते, परंतु फिनाइलकीटोन्युरिया असलेल्या बाळाने स्वतः काहीच केलेले नसते. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रयोगात हे सर्व धागे एकत्र पाहायला मिळतात. पाच मोठ्या शहरांतील अतिगरीब वस्त्यांमध्ये राहणाऱ्या साडेचार हजारांहून अधिक कुटुंबांमध्ये सोडत काढण्यात आली आणि काही कुटुंबांना कमी गरिबी असलेल्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याचे साहाय्य देऊ करण्यात आले. कोणाचे नाव निघाले हा निव्वळ योगायोग होता. योजना असणे हा राज्यकर्त्यांचा निर्णय होता. नाव निघूनही जवळजवळ निम्म्याच कुटुंबांनी प्रत्यक्षात घर बदलले. ओळखीची माणसे सोडून परक्या वस्तीत जायचे की नाही, हे आईवडिलांनी ठरवले. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की घर बदलताना तेरा वर्षांपेक्षा लहान असलेली मुले विशीच्या मध्यावर पोहोचली, तेव्हा त्यांचे उत्पन्न नाव न निघालेल्या कुटुंबांतील मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते आणि ती महाविद्यालयातही अधिक प्रमाणात गेली होती. त्या महाविद्यालयांत अभ्यास करण्याचे कष्ट मुलांनी स्वतःच घेतले होते. घर बदलताना ज्यांचे वय तेराच्या पुढे गेले होते, त्यांना मात्र असा लाभ झालेला दिसला नाही. सरासरीने पाहता आईवडिलांचा तोच निर्णय धाकट्या मुलांना फळला आणि थोरल्यांसाठी त्याला उशीर झाला होता.